हुबेहूब, फक्त वीस अंश सोडून

मित्रांनो, वस्तू नाश पावते, पण तिचे रूप अमर राहते.

हे वाक्य माझे स्वतःचे आहे. ते मी टोस्टच्या एका रिकाम्या डब्यात, पाठीवर पडल्यापडल्या तयार केले. ऐकायला तेव्हा डब्यात तीन गंजके स्क्रू, एक गेलेला बल्ब आणि एक किल्ली एवढीच मंडळी होती. बल्बला ते पटले नाही. स्क्रूंनी विचार करून सांगतो म्हटले. आपण कोणत्या कुलपाची किल्ली आहोत हेच किल्लीला आठवत नव्हते, त्यामुळे अमर व्हावे की होऊ नये, यावर तिचे काही मत नव्हते.

मी एक जुना काटा आहे. काटा म्हणजे गुलाबाचा नव्हे, वजनाचा नव्हे आणि घड्याळाचाही नव्हे. बेकरीच्या भट्टीत आत किती उष्णता आहे, ते बाहेर घाम पुसत उभ्या असलेल्या माणसाला सांगायचे, हे माझे काम. खरे पाहता काटा हा माझा केवळ एक अवयव. मला पितळेची गोल चौकट आहे, काच आहे, शून्यापासून तीनशेपर्यंत आकडे लिहिलेली पांढरी तबकडी आहे. पण बेकरीत सगळे मला काटाच म्हणत. एखाद्याचे नाक मोठे असले की गल्लीत त्याला त्याच्या नाकावरूनच ओळखतात, तसे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन धातूंची एक पट्टी गुंडाळून बसवलेली आहे. उष्णता लागली की त्यातला एक धातू जास्त पसरतो आणि दुसरा कमी. दोघांचे कधीच पटत नाही, आणि त्यांच्या त्या न पटण्यावरच माझा काटा फिरतो. पुष्कळशी घरेही याच तत्त्वावर चालतात, असे मी पुढे ऐकले.

कारखान्यातल्या चष्मेवाल्या तपासनिसांनी मला उकळत्या पाण्यात बुडवले. मी शंभर सांगितले. गरम तेलात बुडवले. मी दोनशे सांगितले. त्यांनी एका चिठ्ठीवर ‘अचूक’ असे लिहून ती माझ्या पाठीला चिकटवली. त्या चिठ्ठीचा मला फार अभिमान होता. ती बेकरीपर्यंतही टिकली नाही.

बेकरी होती आबांची. विटांची भट्टी, तिला लोखंडी दार, आणि त्या दारावर बरोबर डोळ्यांच्या उंचीला मी. डोळ्यांच्या म्हणजे मावशींच्या डोळ्यांच्या. आबांनी मला चार बोटे वर बसवायला घेतले होते, तेव्हा नुकत्याच कामाला लागलेल्या मावशी म्हणाल्या होत्या, “आबा, काटा तुम्ही बघणार की मी?” आबांनी निमूटपणे दुसरीकडे भोक पाडले. पहिले भोक पुढे कायम तसेच राहिले. तिथून धूर येई.

मावशींची माझ्याकडे पाहण्याची एक पद्धत होती. आधी बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक करायचे आणि मग पाहायचे. पहिल्या टकटकीला मी दचकत असे, दुसरीला खरे बोलत असे. त्या माझा आकडा कधी वाचत नसत. माझी चाल बघत. मी धावत वर निघालो आहे की रांगत, दमलो आहे की अजून दम शिल्लक आहे, हे त्यांना कळे. मग त्या म्हणत, “घाला,” आणि टोस्टचे ट्रे आत जात. मग म्हणत, “काढा,” आणि ट्रे बाहेर येत. बेकरीत आबा मालक होते, हिशेबनीस होते, गिऱ्हाइके होती. पण ‘घाला’ आणि ‘काढा’ हे दोन शब्द फक्त मावशींचे होते.

माझ्या शेजारी आबांनी एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात अकरा पदार्थांची नावे आणि प्रत्येकापुढे माझा एकेक आकडा होता. टोस्टपुढे लिहिले होते, एकशेऐंशी.

आता मित्रांनो, माझ्या आयुष्यातला अपघात सांगतो. तो अगदी थोडक्यात झाला, त्यामुळे सांगणेही थोडक्यातच.

आबांचे चिरंजीव शिक्षण संपवून भट्टीवर आले. त्यांना सगळे धाकटे मालक म्हणत. (ते आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि अजूनही धाकटे मालकच आहेत.) पहिल्याच दिवशी त्यांनी भट्टीतून ट्रे ओढायचे लांब दांड्याचे फावडे खांद्यावर घेतले, आणि बाहेरून कुणीतरी “अहो” म्हणाले म्हणून ते वळले. ते वळले, फावडेही वळले. फावड्याचे टोक माझ्या काचेवर बसले. काचेला वरपासून मधोमध चीर गेली आणि माझा काटा आपल्या दांडीवर घसरून वीस घरे पुढे सरकला.

त्या क्षणापासून मी वीस अंश जास्त सांगू लागलो.

हे पाहिले एकट्या मावशींनी. धाकटे मालक पांढरे पडले. “मावशी, आबांना कळलं तर...”

“काय कळलं तर? चीर गेलीय काचेला. काचेला चिरा जातात. फावडं नीट धरा आधी.”

पुढचे ट्रे फिकट निघाले. मावशींनी एक टोस्ट मोडून पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि सगळे ओळखले. आबांना खरे सांगावे तर पोराची पहिल्याच दिवशी शोभा होणार. तेव्हा त्या आबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “हवेत गारठा वाढलाय, आबा. सगळ्याला वीस-वीस वाढवून बघू या.”

आबांनी नवा पुठ्ठा लिहिला. टोस्टपुढे दोनशे आले. टोस्ट पूर्वीसारखे लाल खुसखुशीत निघू लागले आणि विषय संपला. आबा त्यानंतर अकरा वर्षे जगले. ऐन उन्हाळ्यात घामाने निथळत ते पाहुण्यांना सांगत, “तुम्हाला जाणवत नाही, पण भट्टीपाशी गारठा आहे बरं का.”

पुढची वर्षे माझ्या वैभवाची. आमचे टोस्ट लोक नातेवाइकांकडे जाताना मुद्दाम बांधून नेत. कुणी बेकरी बघायला आले की आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “सगळी करामत ह्याची.” मी खोटे बोलत होतो आणि माझे कौतुक होत होते. त्यात मला काही वावगे वाटले नाही. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांनाही वाटत नाही.

गुपिताचे म्हणाल, तर धाकटे मालक ते त्याच आठवड्यात विसरले. चूक करणाराला ती एक सोय असते. मावशींनी मात्र ते इतके खोल जपून ठेवले, इतके खोल, की काही वर्षांनी ते त्यांनाही सापडेनासे झाले. टोस्टला दोनशे लागतात, हे त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतके सरळ झाले. मला काही बोलता येत नाही. फक्त दाखवता येते. मी दाखवत राहिलो.

आणि मग नवी भट्टी आली.

ती विजेवर चालणारी होती, गुळगुळीत पोलादाची, घट्ट दाराची. तिला काटा नव्हता. एक काळा पडदा होता आणि त्यावर हिरवा आकडा. जुनी भट्टी पाडली. मला दारावरून उपटून डब्यात टाकले आणि डबा फळीवर ठेवला. झाकण कुणी लावले नाही, म्हणून पुढचे सगळे मला ऐकू आले आणि अर्धेमुर्धे दिसलेही.

सोमवारी सकाळी मावशी नव्या भट्टीपुढे उभ्या राहिल्या. सवयीने पडद्यावर दोनदा टकटक केली. पडद्यावरचा आकडा जाऊन तिथे ‘भाषा निवडा’ असे आले.

धाकट्या मालकांनी आकडा परत आणून दिला. मावशींनी तो बराच वेळ न्याहाळला.

“आकडा तर आला. पण हा चढतोय की उतरतोय?”

“मावशी, एकशेबावन्नचे एकशेत्रेपन्न झाले, म्हणजे चढतोय.”

“ते झाल्यावर कळलं. व्हायच्या आधी कसं कळायचं?”

याचे उत्तर माहितीपुस्तिकेत नव्हते. धाकट्या मालकांनी पाहिले.

पुठ्ठ्याप्रमाणे आकडा दोनशेवर आल्यावर मावशी म्हणाल्या, “घाला.” जुन्या भट्टीत काही बिनसले की वास आधी येई, ही नवी इतकी घट्ट की वासही आतच कोंडून राहिला. ट्रे बाहेर आले तेव्हा टोस्ट काळे ठिक्कर होते. दुसऱ्या खेपेलाही तेच. मंगळवारीही तेच.

“त्या हिरव्या आकड्यावर माझी नजर बसत नाही,” मावशी म्हणाल्या. सगळ्यांना ते पटले. वय झालेल्या माणसाने असे काही म्हटले की ते सगळ्यांना लगेच पटते.

धाकट्या मालकांनी घसा साफ केला. “असं करू, मावशी. शनिवारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर तुम्ही पाकिटांच्या खोलीत बसा. तिथं खुर्ची आहे, पंखा आहे.”

“म्हातारी झालीस म्हणा की सरळ.”

“तसं कुठं म्हणतोय मी? पंखा आहे म्हणतोय.”

मित्रांनो, पाकिटांच्या खोलीत वाईट काही नव्हते. दोन बायका, एक रेडिओ, मोठी खिडकी. पण तिथे टोस्ट पोचत तेव्हा त्यांचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असे. चौतीस वर्षे ‘काढा’ म्हणणाऱ्या बाईला उरलेले दिवस पिशव्यांची तोंडे बंद करायची होती. मावशी त्या दिवशी घरी जाताना पुठ्ठ्यावरचा मैदा पदराने पुसून गेल्या. तो आधीच पुसलेला होता.

बुधवारी धाकट्या मालकांची लेक सुटीवर घरी आली. लेकीचा व्यवसाय असा की ती पडद्यावरची बटणे काढते. म्हणजे फोनवर, यंत्रांवर जी चित्रे असतात, ज्यांच्यावर बोट ठेवले की काहीतरी होते, ती चित्रे. यासाठी पगार मिळतो हे मावशींना अजून पटलेले नव्हते. लेक लहानपणी दप्तर भट्टीजवळच टाकत असे आणि करपलेले टोस्ट मागून खात असे, त्यामुळे दोघींत आडपडदा नव्हता.

“तुला नेमकं काय पाहिजे, मावशी?”

“मला माझा काटा पाहिजे.”

“तो ह्या दाराला लावता नाही येणार. भोक पाडलं की कंपनीची हमी गेली.”

“मग राहू दे. पंखा आहेच.”

लेकीने क्षणभर विचार केला. “लावता नाही येणार. पण काढता येईल. पडद्यावर तुझ्या काट्याचं चित्र काढते. हुबेहूब. खऱ्यासारखा फिरेल.”

आणि मित्रांनो, मला डब्यातून बाहेर काढण्यात आले. माझे ते वाक्य खरे व्हायची वेळ आली होती. मी बल्बकडे पाहिलेसुद्धा नाही.

दोन दिवस लेकीने माझ्यासमोर बसून काढले. माझे फोटो घेतले, माझ्या चौकटीचा व्यास मोजला, माझ्यावर टिचकी मारून तो आवाज टिपून घेतला. तिच्या टेबलावरचा पडदा मला समोरच दिसत होता. त्यावर आमच्यापैकी कितीतरी आधीच जाऊन बसले होते. एक जुना टेलिफोन होता. लिफाफा होता. वाळूचे घड्याळ होते. एक चौकोनी चपटी वस्तू होती. लिहिलेले जपून ठेवायचे असले की लेक तिच्यावर बोट ठेवी. ती वस्तू मुळात काय होती, असे वडिलांनी विचारल्यावर तिला धड सांगता आले नाही. त्यांचे शरीर गेले होते, रूप उरले होते. मला भरून आले. मग कोपऱ्यात कचरापेटीही दिसली. कचरापेटीही अमर झाली आहे हे कळल्यावर माझ्या मनातली अमरत्वाची किंमत जराशी उतरली.

मावशी मधूनमधून येऊन पाठीमागे उभ्या राहत.

“हे चार ठिपके कसले गं?”

“स्क्रू. चौकटीचे.”

“कशाला धरलंय त्यांनी?”

“कशालाच नाही. शोभेला.”

“आणि निघाला एखादा, तर?”

“निघणार नाही, मावशी. खोटा आहे तो.”

“खोटा आहे म्हणूनच विचारतेय. आणि ही सावली?”

“वरून उजेड पडलाय ना, त्याची.”

मावशींनी वर पाहिले. वर छत होते. “बरं बाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात पडत असेल.”

लेकीने माझी काचेवरची चीरसुद्धा सोडली नाही. बारीक ब्रशने, केसाएवढी. “ही कशाने गेली?”

“फावडं लागलं होतं.”

“कधी?”

“लागलं होतं तेव्हा.”

पलीकडे धाकटे मालक पिठाची पोती मोजत होते. त्यांचा आकडा का चुकला ते त्यांनाही कळले नाही, आणि त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

शुक्रवारी सकाळी मी भट्टीच्या पडद्यावर अवतरलो. स्वतःची स्तुती करू नये, पण ती माझी नव्हती, नकलेची होती, म्हणून करतो. चौकट अशी झळकत होती की माझे पितळ नवे असतानाही कधी तसे झळकले नाही. लग्नात काढलेल्या फोटोत माणसे असतात ना, तसा मी दिसत होतो: मीच, पण आदल्या दिवशी तोंड धुऊन ठेवलेला.

मावशी पुढे झाल्या. पेराने दोनदा टकटक केली. पडद्यातून टक्‌टक् आवाज आला आणि काटा थरथरून स्थिर झाला.

मावशींनी हात मागे घेतला. मग पुन्हा वाजवून पाहिले. “आला गं माझा काटा,” त्या म्हणाल्या, आणि कपाळावर घाम नसताना पदराने घाम पुसला.

काटा चढू लागला. त्यांनी त्याची चाल पाहिली, मान हलवली, दुसऱ्या कामाला वळल्या, बरोबर वेळेला परत आल्या. काटा दोनशेवर टेकला.

“घाला.”

आवाज पूर्वीचा होता. ट्रे आत गेले. सगळी बेकरी हातातले काम सोडून उभी होती. पाकिटांच्या खोलीतल्या दोघी दारात येऊन थांबल्या.

“काढा.”

टोस्ट काळे ठिक्कर.

मावशींनी दुसरे ट्रे लावले, काट्यावरून नजर हलवली नाही, आणि तेही तसेच निघाले.

भट्टीच्या कंपनीचा माणूस बोलावला होता, तो दुपारी आला. त्याच्याकडे मखमली पेटीत ठेवलेला तापमापक होता. तो त्याने भट्टीत घातला, पडदा पाहिला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिला. “अंशाचाही फरक नाही,” त्याने सांगितले. “यंत्रात दोष नाही.” मग तो मावशींकडे न बघता भट्टीकडे बघत राहिला. यंत्रात दोष नाही याचा अर्थ सगळ्यांना कळला.

आकडा दाखवून झाला होता. काटा दाखवून झाला होता. उरले कोण, तर मावशी.

त्यांनी कमरेचे फडके सोडले, त्याची नीट घडी घातली, आणि धाकट्या मालकांना विचारले, “पंखा खिडकीकडे आहे की दाराकडे?”

“मावशी, अजून उद्याचा दिवस...”

“नको. टोस्ट जाळायला मला पगार देता की काय?”

लेक टेबल आवरू लागली. तिचा चेहरा पडला होता. तिने तारा गुंडाळल्या, मला डब्यात ठेवायला हात पुढे केला, आणि तो थांबला. टेबलावर मी आणि कंपनीच्या माणसाचा मखमली तापमापक शेजारी शेजारी पडलो होतो. दोघेही गार. दोघेही एकाच खोलीत. तो सव्वीस दाखवत होता.

मी शेहेचाळीस दाखवत होतो.

मित्रांनो, बत्तीस वर्षे मी हेच ओरडून सांगत होतो. पण तापलेल्या भट्टीवर काटा खोटे बोलला तर कळत नाही. त्यासाठी त्याला गार जागी, एखाद्या खऱ्या बोलणाऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवावे लागते.

“बाबा, इकडे या,” लेक म्हणाली. “मावशी, तूही ये. हा इथं गार पडलाय, तरी शेहेचाळीस का दाखवतोय?”

मावशी आल्या. माझ्याकडे पाहिले. सवयीने दोनदा टकटक केली. मी थरथरलो आणि शेहेचाळीसवरच थांबलो. मग त्यांचा हात तोंडावर गेला.

“अगं बाई. वीस.”

“काय वीस?”

“वीस जास्त सांगतो गं हा. आपटल्यापासून. आणि मी बया... पडद्यावर चीर बघितली, काटा बघितला, आणि तोच समजून बसले.”

“मावशी! मी ह्याचे दोन दिवस फोटो काढतेय. स्क्रू काढले, चीर काढली. तू बोलली का नाहीस?”

“घरातल्या माणसाचं व्यंग कुणी आपण होऊन सांगतं का? आणि आठवायला तर हवं! इतकी वर्षं झाली.”

“किती वर्षं?” धाकट्या मालकांनी विचारले. “कधी आपटला हा?”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले. मग पुठ्ठ्याकडे पाहिले. मग पुन्हा त्यांच्याकडे.

“तुम्ही भट्टीवर पहिल्यांदा कधी आलात, मालक?”

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात हे मला माहीत नव्हते. माझ्या अंदाजाने ते दोनशेच्या आसपास होते. खरे म्हणजे एकशेऐंशी.

“आबांना तुम्ही... गारठा...”

“मग काय सांगायचं होतं? पोरानं पहिल्या दिवशी काटा फोडला?”

धाकटे मालक खाली बसले. कंपनीच्या माणसाला यातले काही कळले नाही, पण वीस हा शब्द त्याने पकडला. “सोपं आहे,” तो म्हणाला. “पडद्यावरच्या काट्याला वीस वाढवून देऊ. दोन मिनिटांचं काम. बाईंचे सगळे जुने आकडे मग चालतील.”

“खरंच की!” लेक म्हणाली. “खोटे स्क्रू आहेत, खोटी सावली आहे, खोटी चीर आहे. वीस अंशांनीच काय घोडं मारलंय? थांब मावशी, आत्ता करते.”

मला सांगायला संकोच वाटत नाही, त्या क्षणी माझ्या पोटातली पट्टी अभिमानाने ताठ झाली. केवळ रूपच नव्हे, माझा दोषसुद्धा अमर होणार होता. कचरापेटीलाही हा मान मिळालेला नाही.

“नको,” मावशी म्हणाल्या.

“का गं?”

“तो मार खाऊन खोटं बोलायला लागला. ह्याला कुणी मारलंय?” त्यांनी पडद्याकडे हात केला. “आणि माझ्यानंतर इथं जी उभी राहील तिला काय सांगायचं? परत गारठ्याची गोष्ट? हा खरं बोलतोय तर बोलू दे. मी वीस आधी घालीन.”

मग त्यांनी भिंतीवरचा पुठ्ठा काढला आणि धाकट्या मालकांच्या मांडीवर ठेवला. वर लाल पेन्सिल ठेवली.

“हे तुम्ही दुरुस्त करा.”

“तुम्हीच करा ना, मावशी.”

“आबांचं अक्षर आहे. ते खोडायला घरचा माणूस लागतो.”

धाकट्या मालकांनी अकराच्या अकरा आकडे खोडले आणि प्रत्येकाशेजारी वीसने कमी असा नवा आकडा लिहिला. वजाबाकी सोपी होती, पण त्यांना बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. पुठ्ठा परत टांगला गेला.

मावशींनी कमरेला फडके बांधले. भट्टीला टकटक केली. काटा एकशेसाठच्या पुढे गेला तशी बेकरीतली कामे पुन्हा थांबली. दोनशेची सवय असलेली नजर एकशेऐंशीवर थांबवणे सोपे नसते, काट्याने एकशेऐंशीला हात लावला तेव्हा मावशी ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, आणि मग कुणाशी तरी भांडावे तशा मोठ्याने म्हणाल्या, “घाला!”

“काढा” म्हणेपर्यंतची मिनिटे मी मोजली नाहीत. ते माझे काम नव्हे.

टोस्ट लाल निघाले. सगळीकडून सारखे लाल, कडेला किंचित गडद, मोडताना आवाज करणारे. धाकट्या मालकांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. मग ते पाकिटांच्या खोलीत गेले आणि तिथून ओढाताणीचा आणि बायकांच्या ओरडण्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पंखा होता.

“भट्टीशेजारी लावतो,” ते म्हणाले.

“पीठ उडेल सगळं,” मावशी म्हणाल्या.

“उडू दे.”

पीठ उडते. मावशी रोज कुरकुरतात आणि पंखा बंद मात्र करू देत नाहीत.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. माझी नक्कल आता भट्टीवर उभी आहे, टकटक केली की थरथरते, आणि खरे बोलते. माझे सगळे तिने घेतले: रूप घेतले, आवाज घेतला, चीरसुद्धा घेतली. वीस अंश मात्र माझ्यापाशीच राहिले. सुरुवातीला याचे वाईट वाटले. आता वाटते, कुणीतरी एकाने तरी ते सांभाळायला हवेत.

मला लेक आपल्याबरोबर घेऊन गेली आणि मी तिच्या कामाच्या टेबलावर असतो. तिच्याकडे येणाऱ्या सहकाऱ्यांना ती मला दाखवते आणि सांगते, जुन्या वस्तूचे चित्र काढायचे असेल तर वस्तू कितीही बघा, पण ती वापरणाऱ्या माणसाला आधी विचारा, ‘ही कुठे खोटं बोलते?’ सहकारी मान डोलावतात आणि माझ्या स्क्रूंचे फोटो काढून निघून जातात. तुम्ही तरी, बालमित्रांनो, हे ध्यानात ठेवा. घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. त्यांना आदळू नका. आदळल्याच, तर लगेच सांगून टाका. बत्तीस वर्षे थांबू नका. त्यांचे दोष सांभाळून घेणारी माणसे असतात, त्यांनाही जपा, त्यांना पंखा दाखवू नका, पंखा त्यांच्याकडे न्या.

आणखीही पुष्कळ सांगण्यासारखे होते. पण लेकीने आत्ताच चहाचा कप आणून माझ्यावर ठेवला आहे. कपाखाली घ्यायला तिला टेबलावर दुसरे काही सापडत नाही. काटा ऐंशीवर पोचला आहे. हवे तर वीस वजा करा. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर तेवढा कप जरा बाजूला घ्याल का?